गावासाठी सरावाचं मतदान यंत्र कसं बनवावं

परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी शिकवते. निवडणूक लागली की आमची ऑर्डर ठरलेलीच. कधी यादीवर खुणा करायच्या, कधी शाई लावायची, पण बहुतेक वेळा कंट्रोल युनिटवर, म्हणजे मतदाराला 'बॅलट' देऊन त्याच्यासाठी यंत्र खुलं करणाऱ्या डब्यावर बसायचं. त्या खुर्चीत बसलं की मतदार कुठं अडतो ते फार लवकर कळतं, कारण माणसं बदलली तरी अडायच्या जागा त्याच राहतात. शाळेच्या मंत्रिमंडळाच्या निवडणुकीसाठी म्हणून पोरांना हाताशी घेऊन आम्ही एक लाकडी सराव यंत्र केलं. पुढं ते गावात, वस्तीवर, तांड्यावर फिरायला लागलं. आता आजूबाजूच्या शाळांतून विचारणा होते, 'मॅडम, कसं केलं ते सांगा', म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढलंय.

पहिली गोष्ट. हा विषय निघाला की एखादा हुशार माणूस हमखास म्हणतो, खऱ्या यंत्रातच 'सराव' नावाचं एक बटण द्यावं, म्हणजे वेगळं काही करायलाच नको. हे अजिबात करू नये, आणि का करू नये ते ड्युटी केलेल्या कुणालाही विचारा. लोकसभा-विधानसभेला मतदानाच्या दीड तास आधी, म्हणजे सात वाजताचं मतदान असेल तर पहाटे साडेपाचला, उमेदवारांच्या एजंटांसमोर अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासायचं लुटुपुटूचं मतदान, घ्यावं लागतं. किमान ५० मतं टाकायची, क्लोज दाबायचं, रिझल्ट काढून एजंटांच्या आकड्यांशी जुळवायचा, मग क्लिअर करून यंत्रात शून्य आहे हे सगळ्यांना दाखवायचं. व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या चिठ्ठ्या काढून, मागं शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या. एवढी शिस्त आहे, छापील तक्ते आहेत, चार-पाच माणसं डोळे लावून बसलेली आहेत. तरी पहाटेच्या गडबडीत क्लिअर राहून जाऊ शकतं. मग ती खोटी मतं खऱ्या मतांत मिसळतात, मोजणीला ते यंत्र बाजूला ठेवावं लागतं, आणि विजयाचं अंतर त्या केंद्रावरच्या मतांपेक्षा कमी निघालं तर चिठ्ठ्या मोजायची पाळी येते. एकाच डब्यात सराव आणि खरं मतदान आलं की हा धोका आलाच.

म्हणून सरावाचं यंत्र वेगळं पाहिजे, आणि ते वेगळं आहे हे दहा पावलांवरून दिसलं पाहिजे. निवडणूक आयोगसुद्धा प्रशिक्षणाची आणि जनजागृतीची यंत्रं वेगळी काढून त्यांना पिवळे स्टिकर लावतो. आपलं खोकं सगळंच पिवळं रंगवा. वर वीतभर अक्षरात 'सराव' लिहा. आयोगाचं चिन्ह किंवा नाव त्यावर कुठंही नको. केंद्राध्यक्षाजवळ बॅलट युनिटचा, म्हणजे मतदार बटण दाबतो त्या यंत्राचा, पुठ्ठ्याचा नमुना असतो. ज्याला समजलं नाही त्याला तो मतदान कक्षाच्या बाहेर, एजंटांसमोर दाखवता येतो. आपण करणार आहोत तो त्या पुठ्ठ्याचा जरा शहाणा भाऊ.

शिकवायचं काय, ते आधी ठरवा

बटण दाबणं शिकवायचं असेल तर यंत्र लागतच नाही, ते सगळ्यांना येतं. माणसं अडतात ती दुसरीकडं.

तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या मतदानाला मी यंत्रावर होते. एक आज्जी आत गेल्या, एक बटण दाबलं आणि काठी टेकत बाहेर आल्या. बीप काही वाजली नाही. मी म्हणलं, "आज्जी, तुमचं अजून व्हायचंय."

"दाबलं की बाई."

"एक दाबलं. अजून दोन दाबायचेत."

"एकाच माणसाला किती बार दाबू?"

मागं रांग, एजंट खुर्चीतून अर्धे उठलेले, आणि आत जाऊन दाखवायला कुणालाच मुभा नाही. आज्जींचं मत अर्धं पडलेलं, यंत्र पुढच्या माणसाला बॅलट द्यायला तयार नाही. तोंडानं समजावून शेवटी त्या परत आत गेल्या, लांब बीप वाजली आणि खोलीतल्या सगळ्यांनीच सुस्कारा सोडला.

घोळ होतो तो इथं. लोकसभेला आणि विधानसभेला एकच मत. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला मिळून दोन. नगरपालिकेला थेट नगराध्यक्षाचं एक आणि प्रभागातल्या सदस्यांची, बहुतेक ठिकाणी मिळून तीन. महापालिकेच्या प्रभागात बहुतेक ठिकाणी चार. ग्रामपंचायतीला वॉर्डातल्या दोन-तीन जागा, आणि वरून सरपंच. त्यातही सरपंच २०१७ला थेट जनतेतून आला, २०२०मध्ये ते रद्द झालं, २०२२मध्ये पुन्हा थेट झालं. मागच्या खेपेला किती बटणं दाबली होती याची आठवण कुणाला कशी राहावी? आणि एखाद्या जागेसाठी कुणीच पसंत नसेल तर तिथला नोटा दाबावा लागतो, नुसतं सोडून देऊन चालत नाही. ही गोष्ट शिकल्यासवरल्यांनाही माहीत नसते.

दुसरी अडचण हिरव्या दिव्याची. बॅलट युनिटवरचा तो दिवा लागल्याशिवाय बटण कितीही दाबा, काही होत नाही. पण माणूस आत जातो, घाईनं दाबतो, काहीच होत नाही म्हणून दुसरं दाबतो, आणि तेवढ्यात कंट्रोल युनिटवरच्यानं बॅलट दिलेलं असतं. मग जे बोटाखाली असेल ते मत.

तिसरी गोष्ट दाबायच्या पद्धतीची. म्हाताऱ्या माणसांना रेशनच्या मशीनची सवय झालीय. तिथं अंगठा काचेवर अलगद ठेवायचा आणि मशीन बोलेपर्यंत हलायचं नाही. मतदान यंत्राच्या निळ्या बटणावरही ती तसाच अंगठा ठेवून उभी राहतात. बटण खाली जातच नाही.

या तीन गोष्टी ज्या यंत्रावर शिकता येतील तेच सराव यंत्र. बाकी दिवे आणि आवाज मग हौसेसाठी.

मोबाईलवर का नको

मोबाईलवर मतदान यंत्रासारखी दिसणारी अ‍ॅप मिळतात, शाळांत वापरतातही. मुलांसाठी ठीक आहेत. गावातल्या मोठ्या माणसांसाठी नकोत. वेचणीच्या दिवसांत बायांची बोटं बोंडाच्या टोकांनी फाटलेली असतात, कातडी जाड आणि कोरडी. टचस्क्रीनला ती बोटं कळतच नाहीत. चारदा दाबून काही झालं नाही की बाई म्हणते, 'मला नाही जमत हे', आणि उठून जाते. शिवाय काचेवर हलकं बोट टेकवायचं जे वळण मोडायचं, तेच मोबाईल पक्कं करतो. दुपारच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही हे वेगळंच.

सामान आणि जोडणी

प्लायवूडचं उतरतं खोकं सुताराकडून करून घ्या. बटणं म्हणून इलेक्ट्रिकलच्या दुकानातली दारावरच्या बेलची बटणं घ्या. त्यांना स्प्रिंग असते, जोर लावल्याशिवाय लागत नाहीत, आणि सोडलं की परत वर येतात. आपल्याला नेमकं तेच पाहिजे. त्यांच्यावर निळी इन्सुलेशन टेप चिकटवा. खऱ्या यंत्रावर असतो तसा प्रत्येक बटणाशेजारी एक लाल एलईडी.

तीन जागा धरा: अ, ब आणि क. प्रत्येकीत तीन उमेदवार आणि चौथा नोटा. म्हणजे बारा बटणं, बारा एलईडी. त्यात हिरवा दिवा, बझर, आणि कंट्रोलचं बटण व तिथला लाल दिवा मिळवा. हे सगळं चालवायला आर्डुइनो नावाचा प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड लागतो. त्यातल्या उनोला एवढ्या पिना नाहीत, म्हणून मेगा घ्या. तिला ५४ डिजिटल पिना असतात आणि पुढं भर घालायला जागा उरते. प्रत्येक एलईडीला ३३० ओहमचा रेझिस्टर लावा. बटणाला वेगळा रेझिस्टर नको, बोर्डातला आतला पुलअप रेझिस्टर प्रोग्रॅममधून चालू करा, एक टोक पिनेला आणि दुसरं ग्राउंडला. आवाजाला पाच व्होल्टचा अ‍ॅक्टिव्ह बझर.

कंट्रोल युनिट म्हणजे एक साधा डबा: एक बटण, एक लाल दिवा. बोर्ड मतदाराच्या खोक्यातच राहू द्या, म्हणजे डब्यापर्यंत तीनच तारा न्याव्या लागतात. त्या पाच मीटर लांब ठेवा, खऱ्या यंत्राची केबलही तेवढीच असते. लांबी मुद्दाम ठेवायची, कारण 'बॅलट' देणारा माणूस दूर बसलेला आहे आणि तो दिल्याशिवाय आपल्याला दाबता येत नाही, हे त्या अंतरानंच समजतं.

वीज. पॉवरबँक लावायचा मोह होईल. आपला बोर्ड इतकी कमी वीज ओढतो की बऱ्याच पॉवरबँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि त्या आपोआप बंद होतात. ऐन सरावात यंत्र मेलं की गाव म्हणतं, 'बघा, बिघडलं'. सहा पेन्सिल सेलचा होल्डर घ्या, नऊ व्होल्ट होतात, बोर्डाच्या गोल सॉकेटला लावा. चौकोनी नऊ व्होल्टची छोटी बॅटरी घेऊ नका, ती लवकर उतरते. लाइटीवर तर अवलंबूनच राहू नका.

प्रोग्रॅम कसा वागला पाहिजे

कोड कुणीही लिहील, आमच्याकडं तर दहावी झालेल्या एका माजी विद्यार्थ्यानं लिहिला. त्याला काय सांगायचं ते महत्त्वाचं.

यंत्र चालू केलं की सगळे दिवे एकदा पेटून विझावेत. कुठला एलईडी गेलाय ते तिथंच कळतं. मग यंत्र बंद स्थितीत: कुठलंही बटण दाबा, काही होत नाही. हे 'काही न होणं' काढून टाकू नका. तोच पहिला धडा आहे.

कंट्रोलचं बटण दाबलं की मतदाराकडं हिरवा आणि डब्यावर लाल दिवा लागतो. आता अ जागेतलं एक बटण दाबलं की त्याच्याशेजारचा दिवा लागून राहतो आणि अ मधली बाकीची तीन बटणं मरतात. दुसऱ्यांदा दाबलं, दुसरं दाबलं, फरक शून्य. लोकांना भीती असते की चुकून दोनदा दाबलं तर मत बाद होतं. तसं होत नाही, पहिला दाब तोच खरा, पुढचे यंत्र ऐकत नाही. हे सांगून पटत नाही, त्यांना मुद्दाम दोनदा दाबायला लावा. मग ब, मग क. तिन्ही झाल्या की लांब बीप, सगळे दिवे बंद, यंत्र पुन्हा झोपलं. तिन्ही होईपर्यंत बीप नाही आणि कंट्रोलवरून पुढचं बॅलटही नाही.

एक बारीक गोष्ट: बेलच्या बटणाचा पत्रा दाबताना थरथरतो आणि बोर्डाला एका दाबाचे पाच-सहा दाब दिसतात. एकदा दाब आला की पुढचे ५० मिलिसेकंद काहीच मोजू नये असं लिहून घ्या.

आता मदतीचा प्रश्न. कुणी अ ला मत देऊन थांबलं, तर ब आणि क चे दिवे लुकलुकावेत का? शिकणाऱ्याला बरं वाटतं, पण खरं यंत्र लुकलुकत नाही. नेहमीच मदत मिळाली तर माणूस मतदानाच्या दिवशीही दिवा लुकलुकायची वाट बघत बसेल. म्हणून खोक्याच्या मागं एक खटका ठेवा. पहिल्या खेपेला मदत चालू, वीस सेकंदांनी राहिलेल्या जागा लुकलुकतात. दुसऱ्या खेपेला खटका बंद, बाईनं स्वतः मोजायचं: एक, दोन, तीन, बीप. ही दुसरी खेप झाल्याशिवाय कुणाला उठू देऊ नका. मागेच एक 'पुसा' बटणही असू द्या, अर्धवट राहिलेलं मत रद्द करायला. पुढच्या बाजूला मात्र ते दिसता कामा नये, नाहीतर लोकांना वाटतं खऱ्या यंत्रावरही मत परत घेता येतं.

आणि शेवटचं: काहीही साठवायचं नाही. कुणाला किती मतं पडली हे बोर्डाच्या कायमच्या मेमरीत लिहूच नका, प्रत्येक बीपनंतर सगळं शून्य. सराव असला तरी गावात संध्याकाळी पारावर आकडे फिरायला लागतात, आणि त्या आकड्यांना कुणाचं ना कुणाचं नाव चिकटतं.

लोकसभा-विधानसभेसाठी चिठ्ठीची खिडकी

या निवडणुकांत व्हीव्हीपॅटच्या खिडकीत उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग कापून खाली पडते. स्थानिक निवडणुकांच्या यंत्राला आपल्याकडं हे नसतं. ज्यांनी विधानसभेला चिठ्ठी बघितलीय ते ग्रामपंचायतीला 'माझी चिठ्ठी कुठाय' म्हणून वाद घालतात, त्यामुळं सराव दोन्हींचा द्यावा.

खोक्यामागं एखादं पोरगं बसवून त्याच्या हातून चिठ्ठी दाखवायची, हा सोपा उपाय वाटतो. तो करू नका. बघणारा लगेच म्हणतो, "म्हणजे मागून कुणी बघायलंय की काय?" गुप्ततेबद्दलची शंका आपणच पेरल्यासारखं होतं. त्याऐवजी चार छोटे कप्पे करा, प्रत्येकात पातळ कागदावर छापलेली चिठ्ठी आणि तिच्यामागं पांढरा एलईडी. समोरून गाडीच्या काचेची काळी फिल्म. दिवा बंद असला की काहीच दिसत नाही, दाबलं की तेवढीच चिठ्ठी सात सेकंद उजळते आणि मग बीप. फिल्म जिथं गाड्यांना लावतात तिथं तुकडा फुकट मिळतो. लोकांना सात सेकंद फार थोडे वाटतात, 'वाचायच्या आत गेली'. म्हणून त्यांना आधी सांगायचं की आपलं चित्र तेवढं बघा, वाचत बसू नका.

नावं आणि चिन्हं

यात सगळ्यात जास्त वाद होतात, म्हणून जपून. खरं नाव नको, खरं आडनाव नको. आडनाव टाकलं की गावात लगेच जात आणि भावकी निघते. आम्ही मराठवाड्यातल्या नद्या उभ्या केल्या: दुधना, पूर्णा, मांजरा, तेरणा, सिंदफणा, बिंदुसरा, कयाधू, आसना, मन्याड. गोदावरी मुद्दाम वगळली, प्रत्येक गावात एक तरी गोदावरीबाई असतेच.

चिन्हांचं त्याहून अवघड. पक्षांची चिन्हं सोडून द्या हे कळतं, पण अपक्षांसाठीच्या मुक्त चिन्हांच्या यादीत घरातली बहुतेक भांडीकुंडी आलेली आहेत. कपबशी, छत्री, कपाट, नारळ. आज निरुपद्रवी म्हणून टाकलेली कपबशी उद्या गावातल्याच कुणाला मिळाली की आपण त्याचा प्रचार केला असं होतं. त्यावर एक सोपा मार्ग आहे. प्राणी आणि पक्षी आयोग आता नव्यानं कुणाला चिन्ह म्हणून देत नाही, हत्ती, सिंह अशी काही जुनी उदाहरणं राहिलीत. तसली जुनी सोडा आणि बाकी सगळं रान आपलं: चिमणी, टिटवी, खार, मुंगूस, बेडूक, सरडा, साळुंकी, पारवा. चित्रं पोरांकडून काढून घ्या, काळ्या रेघांत, रंग न भरता.

दोन चित्रं मुद्दाम सारखी दिसणारी ठेवा. आम्ही साळुंकी आणि पारवा एकाच जागेत दिले. २०२४च्या लोकसभेला 'तुतारी वाजवणारा माणूस' आणि ट्रम्पेट या चिन्हांवरून मतदारांचा गोंधळ झाल्याची तक्रार संबंधित पक्षानं आयोगाकडं केली होती, ती आपल्याकडं सगळ्यांना आठवते. सरावात पाळी अशी द्यायची: "साळुंकीला द्या." ज्यानं पारव्याला दिलं त्याला काही बोलायचं नाही, नुसतं विचारायचं, कुणाला दिलं? तो स्वतःच परत वाकून बघतो.

खऱ्या बॅलट युनिटवर बटणाच्या उजवीकडं ब्रेल आकडे असतात. आपल्याकडं ब्रेल उमटवायची सोय नसेल तर फेव्हिकॉलचे जाड थेंब टाकून वाळवा, ठिपके बोटाला लागतात.

सराव घ्यायचा कसा

वेळ आधी बघा. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात ती पाडव्याच्या आसपास परततात. त्यांना गाठायचं तर पोळा झाल्यावर, सोयाबीनची काढणी सुरू व्हायच्या आत. कापसाची वेचणी लागली की बायांना दिवसा वेळच नसतो. जागा म्हणजे मारुतीच्या देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा. देवळात काहीजण येत नाहीत, हे ध्यानात ठेवून दुसरा फेरा शाळेत किंवा समाजमंदिरात ठेवा. तांड्यावर समजावून सांगायला गोरमाटी बोलणारी पोरगी, मोहल्ल्यात दखनी बोलणारी. आमची शुद्ध मराठी तिथं कुणी ऐकून घेत नाही, आणि घेऊही नये.

फ्रिजच्या खोक्याचा तीन बाजूंचा आडोसा करा. पोरं मतदान अधिकारी होतात: एक यादी बघतो, दुसरी डाव्या तर्जनीला स्केचपेननं रेघ ओढते, तिसरा कंट्रोलवर. समजावायचं ते सगळं आडोशाच्या बाहेर, माणूस आत गेला की सगळ्यांनी गप्प. खऱ्या कक्षात कुणी आत येऊन सांगत नाही, त्याची सवय इथंच लागायला हवी. सुनेनं सासूच्या खांद्यावरून डोकावलं तर तिला बाजूला घ्या. अंध किंवा अशक्त मतदाराला सोबती नेता येतो, पण तो नियमानं, केंद्राध्यक्षाला सांगून. सोबती अठरा वर्षांचा पूर्ण असावा लागतो आणि एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती होता येतं.

कंट्रोलवरच्या पोराला एक खोडी शिकवून ठेवा. माणूस आत गेल्यावर त्यानं लगेच बॅलट द्यायचं नाही, सावकाश पाच मोजायचे. आतला माणूस घाई करतो, बटण दाबतो, काही होत नाही, मग हिरवा दिवा लागतो आणि त्याच्या लक्षात येतं. एक मामा बाहेर येऊन म्हणाले, "मंग इतके दिस आमी उगंच घाई करायलतो." त्यांना दुसऱ्या खेपेची गरज नव्हती, तरी मी घ्यायला लावली.

रेशनच्या अंगठ्यावाल्यांसाठी एकच वाक्य: "टेकवू नका, दाबा, आत गेलेलं कळलं पाहिजे." एकदा बटण 'टक' करून खाली गेलं की चेहरा बदलतो.

तरुण पोरांसाठी, विशेषतः पुढं एजंट म्हणून बसणाऱ्यांसाठी, मोजणीचा वेगळा तास घ्या. इथं पिवळं यंत्र बाजूला. फळ्यावर खडूनं नद्यांची नावं लिहा, प्रत्येकानं उभं राहून उघड मत सांगायचं, दुसऱ्यानं रेघा मारायच्या, पन्नास झाले की बेरीज. बेरीज पन्नासच्या ऐवजी एकोणपन्नास येते तेव्हा जी भांडणं होतात, त्यातून अभिरूप मतदानाच्या वेळी एजंटानं आकडे का लिहून घ्यायचे ते आपोआप समजतं.

काय करायचं नाही

निवडणूक जवळ आली की कार्यकर्ते येतात. "मॅडम, दोन दिवस द्या की, आमच्या भाऊंचं चिन्ह चिकटवून गल्लीत फिरवतो." नाही म्हणायचं, आणि सगळ्यांनाच नाही म्हणायचं. आचारसंहिता लागली की आपलं यंत्र कुलपात. त्या काळात जनजागृती करायची ती तहसीलकडून येणाऱ्या यंत्रांनी. आधीच्या दिवसांतही गावात न्यायच्या अगोदर तहसीलदारांना एक पत्र देऊन पोच घ्या. आम्ही मुख्याध्यापकांच्या सहीनं देतो. आणि पिवळ्या खोक्याजवळ कुणी खऱ्या यंत्रांबद्दल वाद उकरून काढला तर त्यात पडू नका. आपण बटण कसं दाबायचं ते शिकवायला बसलोय.

सराव झाला की सेल काढून ठेवा, नाहीतर पावसाळ्यात ते पाझरतात आणि होल्डरची टोकं हिरवी पडतात. निळी टेप दर खेपेला नवीन लावावी लागते, बोटांच्या घामानं सुटते. प्रोग्रॅमची एक प्रत पेनड्राइव्हवर शाळेच्या कपाटात ठेवा, आणि कुठली तार कुठल्या पिनेला गेलीय त्याचा नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, वर प्लास्टिक लावून. आमच्या बदल्या होतात, आणि नंतर येणाऱ्या शिक्षकाला बिंदुसराचा दिवा का लागत नाही हे विचारायला आपण तिथं नसतो.